उंची घड्याळाचे संकेतस्थळ कसे उभारावे

घड्याळ विकायचे असेल तर सर्वप्रथम ते लपवावे. उंची घड्याळांच्या संकेतस्थळशास्त्राचे हे आद्यसूत्र. उरलेले शास्त्र म्हणजे त्यावरचे भाष्य. पान उघडताच काळा पडदा यावा, त्यावर एक बारीक वर्तुळ फिरत राहावे. मग समुद्र, मग बर्फाचा डोंगर, मग शिडाची होडी, मग कुणाची तरी विचारमग्न पाठ. घड्याळ दिसलेच तर मनगट वळता वळता, अर्धे बाहीखाली. नवशिक्या कारागिराने डोळ्यांसमोर एक ठरावीक गिऱ्हाईक ठेवावे. आपण ते नागपूरकडच्या सावनेरचे धरू : मृग बहाराचा संत्रा चांगल्या भावाने गेलेला बागायतदार, किंवा कोळशाच्या खाणीतून निवृत्त होऊन ग्रॅच्युइटी हाती आलेला ओव्हरमन. पोरीचे लग्न उरकले, घरावर स्लॅब पडला, आता एक चांगले स्विस घड्याळ घ्यावे असे त्याच्या मनात आहे. त्याचे प्रश्न तीनच : किंमत काय, आपल्या मनगटावर केवढे दिसेल, आणि मिळेल कुठे. यांपैकी एकाचेही उत्तर चहा थंड होईपर्यंत मिळू नये अशी रचना नुसत्या हलगर्जीपणाने साधत नाही, त्याला कला लागते. राम गणेश गडकऱ्यांनी बाळकराम या नावाने लिहिलेल्या विनोदी लेखात ‘कवींचा कारखाना’ काढला होता, आणि 23 जानेवारी 1919 रोजी त्यांचे निधन याच सावनेरात झाले. असल्या कारखान्यांची नियमावली लिहिण्याचा थोडा वारसाहक्क या गावाला पोचतो असे मानून पुढे जाऊ.

दुसरे सूत्र अक्षरांचे. अक्षर काडीसारखे बारीक असावे, रंग पांढऱ्यावर राखाडी किंवा काळ्यावर आणखी काळा. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे आहेत. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा निदान 4.5 ला 1 या प्रमाणात वेगळा असावा, असे ती सांगतात. ती वाचून घ्यावीत आणि बाजूला ठेवावीत. ज्या वयात असले घड्याळ परवडू लागते त्याच वयात चाळिशी लागते, ही गोष्ट तर कारागिराने कटाक्षाने विसरावी. गंमत अशी की, एका नजरेत वाचता येणे ही विद्या घड्याळवाल्यांइतकी दुसऱ्या कोणाला अवगत नव्हती. 1891 मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या किप्टनजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली. एका कर्मचाऱ्याचे घड्याळ चार मिनिटे मागे पडले होते असे सांगतात. त्यानंतर वेब बॉल नावाच्या घड्याळजीने रेल्वेच्या घड्याळांसाठी नियम घालून दिले : पांढऱ्या तबकडीवर ठळक आकडे, ठळक काटे आणि आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही. 1944 मध्ये हान्स हिलफिकर या अभियंत्याने स्विस रेल्वेच्या घड्याळावरून आकडेच काढून टाकले आणि जाड काळ्या रेघा ठेवल्या, कारण धावत फलाटावर येणारा माणूस आकडे वाचत नाही, काट्यांचा कोन बघतो. लाल सेकंदकाटा 1953 मध्ये आला, गाडी सोडणाऱ्याच्या हातातल्या लाल तबकडीच्या आकाराचा. खरे सांगायचे तर चीड येते ती इथे. तासकाटा आखूड आणि रुंद, मिनिटकाटा लांब आणि निमुळता, अंधारात दोघांची गल्लत होऊ नये म्हणून पाणबुड्याच्या घड्याळात त्यांचे आकारही वेगळे : एवढा विचार सव्वा इंचाच्या तबकडीवर करणारी माणसे ज्या कंपनीत बसतात, त्याच कंपनीची साइट उघडली की मेनू कुठे आहे तेच कळत नाही. तबकडी काढणाऱ्याला एक दिवस खालच्या मजल्यावर बोलावून साइट दाखवा, एवढेच म्हणणे आहे.

तिसरे सूत्र : बोट खाली सरकवले की पान आडवे जावे.

चौथे सूत्र गतीचे आहे. गिऱ्हाइकाने अंगठा जेवढा हलवला तेवढेच पान हलले तर त्याला आपण मालक आहोत असा भास होतो. तो होऊ देऊ नये. पान आपल्याच चालीने सरकू द्यावे, मध्येच थांबून घड्याळाचे सुटे भाग हवेत तरंगवावेत आणि संपूर्ण यंत्र पुन्हा जुळेपर्यंत त्याला अडकवून ठेवावे. आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवायची सोय द्यावी, असे तीच डब्ल्यूसीएजी म्हणते. सोय द्यावीच, फक्त तिचा रंग दुसऱ्या सूत्राप्रमाणे ठेवावा. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सेन यांनी 1993 मध्येच लिहून ठेवले की सेकंदाच्या दहाव्या हिश्शात झालेली गोष्ट माणसाला तात्काळ वाटते, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. झेनिथच्या ‘एल प्रिमेरो’ या यंत्राने 1969 पासून सेकंदाचा तोच दहावा हिस्सा मनगटावर मोजून दाखवला आहे. दहावा हिस्सा मोजणाऱ्या धंद्याने गिऱ्हाइकाचे पूर्ण दहा सेकंद खावेत, यात हिशेबाची चूक शोधू नये. आणि चित्रातले घड्याळ नेहमी दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेले का, म्हणून कोणी हसत असेल तर त्याला गप्प करावे. काटे तसे ठेवले की वरचे नाव आणि खालचा तारखेचा चौकोन झाकला जात नाही. हा एक रिवाज शहाणपणाचा आहे.

आता किंमत. तिच्या जागी ‘प्राइस ऑन रिक्वेस्ट’ लिहावे, आणि विनंती करायला गेले की नाव, आडनाव, फोन, ईमेल, देश मागणारा अर्ज पुढे करावा. देशांच्या यादीत भारत कोणत्या खंडाखाली सापडेल याचा भरवसा ठेवू नये. भाषांच्या यादीत मराठी शोधूच नये. यावर जाणकार म्हणतील की उंची वस्तूला थोडे गूढ हवे, शिवाय प्रत्येक देशाचा कर वेगळा. कराचे कारण पोकळ आहे : रोलेक्स इंटरनेटवर घड्याळ विकत नाही, अधिकृत दुकानातूनच विकते, तरीही अनेक देशांच्या पानांवर किंमत छापते, ओमेगाही छापते. कर मोजता येतात. गूढाचे म्हणाल तर सावनेरच्या बाजारात संत्र्याच्या ढिगामागे बसलेला माणूस ‘काय भाव?’ म्हटल्यावर नाव-पत्ता लिहून घेत नाही. भाव चढा सांगेल, पण सांगतो, आणि त्याने संत्र्याची गोडी कमी होत नाही. ‘असल्या वस्तू पडद्यावरून विकल्या जात नाहीत’ हाही आक्षेप टिकत नाही. 2017 मध्ये ओमेगाने ‘स्पीडी ट्यूसडे’ नावाची 2012 स्पीडमास्टर घड्याळे ऑनलाइन नोंदणीवर ठेवली, ती काही तासांत संपली. 2020 च्या टाळेबंदीत तर पाटेक फिलिपनेही आपल्या विक्रेत्यांना तात्पुरती ऑनलाइन विक्रीची मुभा दिली.

खरा बिनतोड आक्षेप वेगळाच आहे आणि तो मान्य करावा लागतो. नावाजलेल्या घड्याळांना मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त आहे, नावे यादीत लागलेली आहेत. साइट वाईट असल्याने कंपनीचे एक घड्याळही पडून राहत नाही. मग सुधारणा कशासाठी? व्यवहार म्हणून हे बरोबर आहे. पण याचा अर्थ असा की ती साइट कामाला येते की नाही हे आत कोणी मोजतच नाही, आणि जे मोजले जात नाही ते डिझाइनचे बक्षीस मिळवण्यासाठी सजवले जाते. पूर्वी तक्रारीला किंमत होती. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, त्यांचे गाऱ्हाणे स्वित्झर्लंडला पोचले आणि 1931 मध्ये उलटे फिरवून काच आत लपवता येणारे जेजर-लेकुल्त्रचे ‘रेव्हर्सो’ जन्माला आले. आजच्या पानावर गाऱ्हाणे टाकायला जागाच नाही. चॅटच्या खिडकीतला यंत्रमानव ‘आपला प्रवास इथून सुरू होतो’ छापाचे काहीतरी म्हणतो. दरम्यान भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांचा गट यांच्यातला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आहे, आणि स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. म्हणजे सावनेरसारख्या गावांतली गिऱ्हाइके वाढतील, आणि त्यांचे शोरूम नागपूरच्या रस्त्यावर नसून हातातल्या फोनवर असेल.

तोवर त्या गिऱ्हाइकाने स्वतःपुरते एवढे करावे. व्हिडिओ सोडून थेट पानाच्या तळाशी जावे. ‘स्पेसिफिकेशन्स’ तिथे, बहुधा एका अधिकच्या चिन्हाखाली, दडलेले असते. रेफरन्स क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, नाव नव्हे. एकाच नावाची दहा घड्याळे असतात, क्रमांक एकाचाच असतो. व्यास 41 मिलिमीटर वाचून हुरळू नये. मनगटावर बसते की नाही हे वरच्या लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगाच्या, टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी ठरवते, आणि नेमकी तीच बऱ्याच साइट लिहीत नाहीत. दुकानदाराला फोन करून मोजायला लावावी, तेवढ्या लांबीचा पुठ्ठा कापून मनगटावर ठेवावा, कडा बाहेर आल्या तर ते घड्याळ आपले नाही. जाडीही विचारावी, नाहीतर सदऱ्याची बाही बंद होत नाही. आणि ‘30 मीटर’ लिहिलेले घड्याळ घालून गावच्या कोलार नदीत उतरू नये. तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा असतो, हात धुणे आणि पावसाचे चार शिंतोडे एवढीच त्याची हिंमत. पोहायचे असेल तर निदान 100 हवेत. समुद्राचा एवढा मोठा व्हिडिओ दाखवूनही हे वाक्य तिथे कोणी लिहीत नाही.