टिटवीकाका

मुलुंड पूर्वेच्या आमच्या टिटवीकाकांना बँकेतून निवृत्त होईपर्यंत कावळा आणि कबुतर हे दोनच पक्षी ठाऊक होते. आता मार्च लागला की डोक्यावर हॅट, काखेत घडीचं स्टूल, आणि स्वारी भल्या सकाळी भांडुप पंपिंग स्टेशनकडे हजर!

बाकीची मंडळी तिथे येतात ती फ्लेमिंगोंसाठी. २०२२मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, पण फ्लेमिंगोंबद्दल काकांचं मत बदललं नाही. "जेवायला मुंबई आणि बाळंतपणाला कच्छ! असले पाहुणे काय कामाचे? आमची टिटवी बघा, सगळं इथेच उरकते."

उरकते म्हणजे अगदी उघड्यावर. घरटं बांधायची भानगडच नाही. खडीत जरासा खळगा, त्यात निमुळती टोकं आत करून मांडलेली चार अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची. बुटाखाली येईपर्यंत दिसायची नाहीत. नर-मादी आळीपाळीने जवळपास महिनाभर बसतात. ऊन तापलं की पोटाची पिसं भिजवून आणतात. एका उत्साही पोराने भोवती लाल फीत लावू म्हटलं, तर काका कडाडले, "कावळ्याला पत्रिका छापून देतोस का?"

काकांची रीत वेगळी, आणि ती त्यांनी टिटवीकडूनच उचलली. धोका दिसला की टिटवी अंड्यांवरून गुपचूप सटकते आणि भलतीकडेच उभी राहून बोंब मारते. काकाही खळग्यापासून चांगले पन्नास पावलं दूर स्टूल टाकतात आणि हात पसरून ओरडतात, "मागे व्हा! इथे अंडी आहेत!" कॅमेरेवाले तिथे गोळा होतात आणि अर्धा तास रिकाम्या खडीचे फोटो काढतात. तिकडे टिटवी निवांत.

ती मात्र उपकार मानणारी नव्हे. काका जरा जवळ सरकले की थेट हॅटवर झेपावते. तिच्या लेखी काका म्हणजे हॅट घातलेलं मुंगूसच.

काकांना शुगर आहे. परवा काकू पेढ्यांचा पुडा शोधू लागल्या, तेव्हा काका फ्रिजपुढे हात पसरून उभे राहिले. "इथे हात लावायचा नाही!" काकूंनी फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पुस्तकांच्या कपाटात हात घातला आणि सलीम अलींच्या मागून पुडा बाहेर काढला.

"तुम्ही ओरडता तिथे कधी काही असतं का?"