उज्जैनात आज तारीख किती?

मूळ रेखावृत्त ग्रिनिचहून उज्जैनला आणायचं, असं मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांनी डिसेंबर 2023 मध्ये विधानसभेत सांगितलं, तेव्हा इथल्या मराठी मंडळींना फारसं नवल वाटलं नाही. राणोजी शिंद्यांबरोबर आलो म्हणून सांगणाऱ्या घरांत हा हक्क पूर्वीपासूनच गृहीत धरलेला आहे. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथातली मूळ रेषा अवंतीवरून, म्हणजे उज्जैनवरूनच जाते. ग्रिनिचचं काय, ते 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत मतदानाने निवडून आलं, आणि मतदानाने निवडून आलेला पुढे केव्हातरी पडतोच, एवढं राजकारण आम्हालाही कळतं.

अडचण एकच. फ्रीगंजात आमच्या मामांचं कर सल्ल्याचं ऑफिस आहे, आणि तिथल्या संगणकाच्या मते आज 1 जानेवारी 2009 आहे.

हे उघडकीला यायला बराच वेळ गेला. मामांना विवरणपत्रं भरायचं नवं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. त्यांनी पंचांग बघून, राहुकाळ टाळून, अभिजित मुहूर्तावर फाईलवर दोनदा क्लिक केलं. गोल चक्र फिरलं, थांबलं, आणि नाहीसं झालं. पडद्यावर ना खिडकी, ना चूक, ना साधा नकार. स्थळ बघून 'कळवतो' म्हणून गेलेल्या मुलाकडच्यांसारखं ते सॉफ्टवेअर गेलं ते गेलंच. नकार दिला असता तर निदान भांडता आलं असतं.

मग सल्लागार जमले. उज्जैनात सल्ल्याला तोटा नाही. समोरच्या दुकानदाराने संगणक बंद करून चालू करायला सांगितलं. कोणी अँटिव्हायरस बंद करायला लावला. फाईल अर्धवट उतरली असेल म्हणून ती पुन्हा उतरवून झाली. मग मामेभाऊ म्हणाला, "बाबा, राइट क्लिक करा आणि रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणा." इथे मामा गंभीर झाले. या नगरीचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या कुणा राजाने इथे रात्री मुक्काम करू नये अशी जुनी श्रद्धा. शिंद्यांनीसुद्धा ती पाळली असं म्हणतात. तिथे एका कर सल्लागाराने स्वतःला प्रशासक जाहीर करायचं? शेवटी संध्याकाळच्या आत उरकायचं या अटीवर मामा प्रशासक झाले. चक्र पुन्हा फिरलं, पुन्हा गेलं. सत्ता हाती आली की कामं होतात, हा समज निदान फ्रीगंजपुरता तरी तिथेच संपला.

मामेभावाने मग कुठल्याशा व्हिडिओत बघून पडद्यामागच्या दोन-चार सेवा बंद करून टाकल्या. त्याचा फायदा एवढाच झाला, की यंत्राला कंठ फुटला. चूक क्रमांक 1719. विंडोजच्या बोलीत याचा अर्थ, सॉफ्टवेअर बसवणारी जी सेवा असते तिच्याशीच संपर्क होत नाही. मामांनी मात्र आकडा वाचून हात जोडले. सवाई जयसिंहांनी उज्जैनची वेधशाळा कधी बांधली, यावर एकमत नाही. कोणी 1719 म्हणतात, कोणी त्यानंतरचं एखादं साल सांगतात. "बघ, यंत्रालासुद्धा माहीत आहे," मामा म्हणाले.

टॉवर चौकातून तंत्रज्ञ आला तो पोहे खाऊन. बंद केलेल्या सेवा त्याने आधी चालू केल्या. मग कुठल्याही सल्लागाराने न केलेली गोष्ट केली: पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं. "भिया, तारीख तो देखो." गुरुवार, 1 जानेवारी 2009. मामा म्हणाले, वार तर चांगला आहे.

भानगड अशी. हल्ली अशा फाईलवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि त्या सहीच्या दाखल्याला मुदत असते. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. 2009 सालात बसलेल्या यंत्राच्या दृष्टीने हा दाखला अजून जन्मालाच यायचा होता. इंटरनेटवरून बाकीचा माल आणावा, तर तिथेही असाच दाखला मागतात. न जन्मलेल्या माणसाची सही कोणतं सरकारी ऑफिस चालवून घेईल? माझ्या मते या सगळ्यात नियमाने वागलेला संगणक हा एकटाच होता.

पण घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळायला नको? जुळतं की. मात्र विंडोजने त्याला एक मर्यादा घालून ठेवली आहे: घरगुती यंत्रात मूळची 54,000 सेकंद, म्हणजे 15 तास. तेवढ्याच्या आत चुकलात तर मुकाट्याने दुरुस्त करतात. कित्येक वर्षांनी चुकलात तर तुमच्या मताचा आदर राखतात. सार्वजनिक जीवनात ज्येष्ठांना आपण हीच सवलत देतो.

तंत्रज्ञाने पेटी उघडली, धुळीवर फुंकर मारली आणि मदरबोर्डवरची बारीक पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मागे ओढली. टुणकन सेल वर आला. बंद संगणकाचं घड्याळ चालतं ते याच्या जिवावर. हा संपला की यंत्र कारखान्यात शिकवलेली तारीख सांगू लागतं. नवा सेल बसला, तारीख घातली, फाईल पहिल्या क्लिकला उघडली. तेव्हा घड्याळात राहुकाळ चालू होता. मामांनी तो मुद्दा काढला नाही.

आता उज्जैनला घड्याळांची वाण आहे म्हणावं, तर तेही नाही. 29 फेब्रुवारी 2024 रोजी, इंग्रजी पंचांगात चार वर्षांनी उगवणाऱ्या तारखेला, पंतप्रधानांनी वेधशाळेच्या आवारातल्या 85 फुटी मनोऱ्यावरच्या वैदिक घड्याळाचं दूरस्थ उद्घाटन केलं. दिवसाचे 30 मुहूर्त, प्रत्येक 48 मिनिटांचा. पुढच्याच महिन्यात त्यावर सायबर हल्ला झाल्याच्या बातम्या आल्या. शेजारीच जयसिंहांचं सम्राट यंत्र, म्हणजे सूर्यघड्याळ, उन्हात उभं आहे. त्याला सेल नाही, सही नाही, हल्ला करायला जागा नाही. ते उज्जैनची खरी वेळ सांगतं; ती मिर्झापूरजवळच्या रेखांशावर ठरणाऱ्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सरासरी सुमारे 27 मिनिटांनी मागे असते. म्हणजे जगाला वेळ देऊ म्हणणारं गाव सध्या मिर्झापूरकडून वेळ उसनी घेतं.

तेव्हा सरकारला विनंती, की रेखावृत्त जरूर आणावं, स्वागताला आम्ही पागोटी घालून येऊ. पण त्याआधी शहरातल्या सगळ्या कचेऱ्यांतल्या संगणकांचे सेल एकदा तपासावेत, नाहीतर ग्रिनिचहून आलेल्या रेषेला पोच देताना पावतीवर 2009 पडायचं. आणि वाचकहो, तुमचंही सॉफ्टवेअर असंच उघडत नसेल, तर चार जणांना फोन करण्याआधी पडद्यावरची तारीख वाचा. सेलचा नंबर सीआर 2032, तीन व्होल्ट. घड्याळवाल्याकडे मिळतो.