भवितव्यावर चर्चा चहापानानंतर

आर्किटेक्ट माणसाने वर्षातून एकदा तरी परिषदेला जावे. महापालिकेत अडकलेली फाइल, बिल्डरचे न आलेले पैसे, साइटवर भलत्याच जागी ओतलेला बीम, सगळे मागे टाकून जावे. बीम कुठे पळून जात नाही. दोन दिवसांत तो चांगला पक्का होतो आणि आल्यावर प्लॅनच त्याच्याप्रमाणे सुधारून घेता येतो.

‘तिथे जाऊन मिळते काय?’ असे काही खवचट लोक विचारतात. ज्यूटची पिशवी मिळते. पिशवीत डायरी, पेन, टाइलचा कॅटलॉग आणि तळहाताएवढा प्लायवूडचा नमुना असतो. पण खरी मोलाची वस्तू म्हणजे गळ्यातली फीत. तिच्यावर ठळक अक्षरांत तुमचे नाव आणि नावाआधी ‘आर्किटेक्ट’ असे छापलेले असते. या शब्दाची किंमत बाहेरच्यांना कळणार नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने आपल्याला संरक्षण दिले, अशा समजुतीत आपण जवळपास पन्नास वर्षे काढली. मग मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की कायद्याने राखून ठेवली आहे ती फक्त उपाधी. नोंदणीशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचे नाही, एवढेच बंधन. आर्किटेक्टचे काम करायला मात्र इतरांना त्या कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे काम सगळ्यांचे, नाव आपले. ते नाव दोन दिवस छातीवर मिरवता येते अशी जागा परिषदेखेरीज दुसरी नाही, आणि तेवढ्यासाठी नोंदणी शुल्क मुळीच जास्त म्हणता येणार नाही.

उद्घाटनाला समई असते. बँक्वेट हॉलला खिडकी नसते, पण एसीचा झोत बरोबर समईवर येतो, त्यामुळे वात धरत नाही. आर्किटेक्चर कॉलेजच्या दोन मुली, एरवी जीन्समध्ये असणाऱ्या, त्या दिवशी साड्या नेसून समईला पुठ्ठ्याचा आडोसा धरून उभ्या राहतात आणि मान्यवर एकेक वात लावतात. (पुठ्ठा मॉडेल करायचाच असतो, पाच वर्षांचे शिक्षण वाया जात नाही.) मग पहिल्या सत्राला सुरुवात होते. विषय असतो, ‘नैसर्गिक वायुवीजन: परंपरेकडून भविष्याकडे’. पडद्यावर वाड्याचा चौक येतो, जाळी येते, केरळातली लॉरी बेकरची विटांची भिंत येते. वक्ते सांगतात की आपल्या पूर्वजांना यंत्राची गरज नव्हती. श्रोत्यांत एव्हाना इतका गारठा पसरलेला असतो की सत्कारात मिळालेल्या शाली ज्येष्ठ मंडळींनी खरोखरच अंगावर घेतलेल्या असतात. शालीचा असा उपयोग झालेला मी इतरत्र पाहिलेला नाही.

याच सत्रात एखादा आगाऊ तरुण उठतो आणि मानखुर्द-गोवंडी काढतो. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, पीएमजी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की कित्येक घरांत दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथल्या क्षयरोगाचा संबंध या कोंदट घरांशी असल्याचे अभ्यासातून पुढे आले आहे. तरुणाचा प्रश्न असा की, या इमारतींच्या प्लॅनवर सह्या कोणाच्या होत्या? प्रश्न औचित्याला सोडून आहे. एक तर त्या इमारती नियमात बसत होत्या. दोन इमारतींमधले अंतर कमी करायला पुनर्वसनाच्या योजनेत सवलतच होती. दुसरे म्हणजे सत्राचा विषय परंपरा आणि भविष्य असा होता. मानखुर्द दोन्हींत बसत नाही. आणि तिथल्या रहिवाशांनी परिषदेचे शुल्कही भरलेले नाही. सूत्रसंचालकांनी वेळेचे भान दाखवून चहाची घोषणा केली, हे योग्यच झाले.

परिषद आणि वास्तव यांच्यात सुरक्षित अंतर असावे, ही परंपरा जुनी आणि जागतिक आहे. १९३३ साली ‘सियाम’ या आधुनिक वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची चौथी परिषद भरली ती ‘पात्रिस-२’ नावाच्या जहाजावर, मार्सेयहून अथेन्सला जाताना. विषय होता शहर. भर समुद्रात, जिथे नजर पोचेल तिथपर्यंत एकही शहर नाही, तिथे युरोपातल्या बुद्धिमंतांनी उद्याची शहरे कशी असावीत याचा खल केला. राहणे, काम, विरंगुळा आणि वाहतूक हे चार कप्पे वेगळे करावेत, असे त्यातून निघाले. ल कोर्ब्युझिएने ते अथेन्सची सनद म्हणून १९४३ मध्ये छापले. इतिवृत्त यायला दहा वर्षे लागली. आपल्याकडे इतिवृत्त येतच नाही म्हणून जे कुरकुरतात, त्यांनी हे वाचावे. शिवाय राहायचे एका टोकाला आणि कामाला जायचे दुसऱ्या टोकाला, ही गोष्ट विरार-चर्चगेट करणाऱ्या माणसाने कुठलीही सनद न वाचता पाळून दाखवली आहे.

यातला धोका एवढाच की क्वचित कोणी तरी भवितव्याची गोष्ट मनावर घेतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर असा उतावीळपणा केला. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला जागा द्या, असे म्हणून ते थांबले असते तर एक सुरेख परिसंवाद झाला असता. त्यांनी नकाशा काढला, हिशेब मांडला आणि ‘मार्ग’ नियतकालिकात छापून टाकला. परिणाम व्हायचा तोच झाला. १९७० मध्ये सरकारने सिडको काढली आणि पलीकडे खरोखरच शहर उभे राहू लागले. ज्या कचेऱ्या तिकडे न्यायच्या म्हणून हा सगळा खटाटोप, त्यांच्यासाठी सरकारने मात्र नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकला, ही गोष्ट वेगळी. तेव्हापासून परिषदांनी धडा घेतला आहे. आता ठराव असतो, नकाशा नसतो.

दुपारी फीवर सत्र होते. हे सत्र मला सर्वांत आवडते, कारण इतके एकमत मी सत्यनारायणाच्या प्रसादाबद्दलसुद्धा पाहिलेले नाही. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरने फीचे प्रमाण ठरवून दिलेले आहे, त्याखाली कोणी जाऊ नये, यावर सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. ‘आपणच आपली किंमत ठेवली नाही तर कोण ठेवणार?’ असे एक ज्येष्ठ म्हणतात तेव्हा माझ्या शेजारच्या गृहस्थांचा कंठ दाटून आला होता. चहाच्या टेबलाशी याच गृहस्थांनी एका मित्राला बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘त्या बाणेरच्या कामाला तू चौरस फुटाला किती टाकलेत रे?’ मित्राने भाबडेपणाने आकडा सांगितला. गृहस्थांनी बिस्किट चहात बुडवले, मोबाइल काढला आणि सभागृहाबाहेर जाऊन कोणाला तरी एक रुपया कमीचा आकडा कळवला. व्यवसायात माहितीची देवाणघेवाण होत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी चहाच्या टेबलाशी उभे राहावे.

जाहिरातीचेही तसेच. आपल्या आचारसंहितेनुसार आर्किटेक्टने आपल्या सेवेची जाहिरात करायची नाही. म्हणून टाइल कंपनी आपला सत्कार करते, त्याची चित्रफीत काढते आणि ती मोठ्या पडद्यावर दाखवते. चित्रफितीत आर्किटेक्ट काळा कुर्ता घालून क्षितिजाकडे पाहतो. टाइल शेवटी तीन सेकंद दिसते.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. या सत्राला सगळे जण झाडून येतात, जेवण झाल्या झाल्या असूनही. वक्त्याने लॅपटॉपवर एक वाक्य टाइप केले आणि पडद्यावर शंभर मजली वाडा उभा राहिला. प्रत्येक मजल्यावर नक्षीदार महिरप, प्रत्येक महिरपीतून लोंबणारी बोगनवेल, सत्त्याऐंशीव्या मजल्यावर असावे असे एक तुळशीवृंदावन. जिना दिमाखात वर जाऊन भिंतीत शिरत होता. संडास कुठेच नव्हता. सभागृहाने श्वास रोखला होता. पाहुणे म्हणून पुढच्या रांगेत बसलेल्या बिल्डरने विचारले, ‘लोडिंग किती आहे?’

मग भीतीची चर्चा झाली. यंत्र आपली कामे घेणार का? ही भीती परिषदांना नवी नाही. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि पुढे ते आपल्याकडे पोचले तेव्हाही हाताची कला मेली म्हणून गळे काढले होते. ट्रेसिंगवर चुकलेली रेघ ब्लेडने खरडायची, खरडता खरडता कागद फाटायचा, अमोनिया प्रिंटच्या वासाने डोळे चुरचुरायचे, त्या सगळ्याच्या आठवणीने लोक अजून गहिवरतात. तेव्हा ते करणारे ड्राफ्ट्समन कुठे गेले हे मात्र कोणाच्या आठवणीत नाही. या वेळची काळजी मला अधिक उदात्त वाटते. आपण एक टिपिकल फ्लोअर काढतो आणि बावीस वेळा वर चिकटवतो. कुठली खोली किती फुटांची, हे एफएसआय ठरवतो. किचन कुठल्या दिशेला, हे वास्तुतज्ज्ञ ठरवतो. बाहेरून काच की ॲल्युमिनियमचे पत्रे, हे बिल्डरचा मार्केटिंगवाला ठरवतो. फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस राहील, हे लायझनिंगवाला जाणतो. एवढे सगळे वाटून झाल्यावर उरलेली सर्जनशीलता यंत्राने हिरावून घेऊ नये म्हणून दीड तास मंथन करणे, याला मोठे काळीज लागते. मानवी स्पर्शाला पर्याय नाही, यावर शेवटी एकमत झाले. समारोपाचे भाषण मात्र यंत्राने लिहिले होते, असे वक्त्यांनीच कौतुकाने सांगितले आणि त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

विद्यार्थ्यांना बोलायची संधी मिळत नाही, असा आरोप होतो. तो खोटा आहे. समईला पुठ्ठा धरणाऱ्या त्या मुलींपैकी एकीला शेवटी माइक दिला होता. तिने विचारले, ‘सर, पास झाल्यावर सुरुवातीला पगाराची किती अपेक्षा ठेवावी?’ व्यासपीठावरचे पाचही जण प्रसन्न हसले. एकांनी सांगितले की पहिली पाच वर्षे शिकायची असतात. पाच वर्षे बी. आर्क.ची झाल्यावर आणखी पाच, म्हणजे इतके शिकलेले पदवीधर दुसऱ्या कुठल्या व्यवसायाला मिळतात? दुसऱ्यांनी ‘पॅशन’ हा शब्द वापरला. तिला प्रमाणपत्र मिळाले.

समारोपाआधी दोन मिनिटे स्तब्धता असते, वर्षभरात गेलेल्या सदस्यांसाठी. माझी सूचना अशी की इमारतींसाठीही दोन मिनिटे ठेवावीत, म्हणजे वेगळ्या निषेधसभांचा खर्च वाचेल. गोव्यात कोरियांच्या कला अकादमीवरून केवढा वाद झाला! पाडायची नाही, दुरुस्त करायची असे ठरले, तर जुलै २०२३ मध्ये दुरुस्ती चालू असतानाच खुल्या रंगमंचाचे छप्पर आपणहून खाली आले. दिल्लीत प्रगती मैदानावर राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये हॉल ऑफ नेशन्स बांधला होता. पोलादाचा सांगाडा परवडेना म्हणून तसाच सांगाडा काँक्रीटमध्ये, मजुरांच्या हातांनी ओतून उभा केलेला. ती इमारत वाचवा म्हणून देशातून आणि परदेशांतून पत्रे गेली, याचिका झाल्या. साठ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय वारसा म्हणून विचार करता येत नाही, असे उत्तर मिळाले. इमारत पंचेचाळिशीची होती. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ती पाडली, त्यामुळे तिच्या साठीचा प्रश्नच मिटला.

या प्रकरणात सगळे हळहळतात, पण पुढे काय झाले ते बघत नाहीत. त्याच मैदानावर आता ‘भारत मंडपम’ नावाचे भव्य अधिवेशन केंद्र उभे आहे, आणि त्यातल्या दोन मोठ्या सभागृहांत मिळून एका वेळी सात हजार माणसे बसतील असे सांगतात. आपल्या व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायला एवढी ऐसपैस जागा यापूर्वी आपल्याला कोणी दिली होती? जुन्या हॉलमध्ये मधोमध एकही खांब नव्हता हे खरे, पण त्या काँक्रीटच्या त्रिकोणांमधून जाळीतून यावा तसा उजेड दिवसभर आत येत असे. अशा उजेडात प्रोजेक्टरवरच्या स्लाइड धड दिसल्या नसत्या. नव्या सभागृहात ती अडचण नाही.