चरबी उतरवायची कोल्हापुरी तऱ्हा

तांबडा-पांढरा ओरपून साचलेली चरबी उतरवायला रंकाळ्याला फेऱ्या मारायचे दिवस मागं पडले. आता दवाखान्यात सोय आहे. लायपोसक्शनमध्ये कातडीला बारीक छेद देऊन नळी आत सारतात आणि चरबी ओढून घेतात. अंगावर काळंनिळं उठतं, चारचौघांत कळतं. दुसरा प्रकार क्रायोलिपोलिसिसचा. पोटाची वळी यंत्राच्या पेल्यात धरून गारठवायची. कातडी शाबूत राहते, आतल्या पेशी मरतात आणि दोन-तीन महिन्यांत शरीरच त्यांचा परस्पर निकाल लावतं. चिरफाड नाही, बोभाटा नाही.

राजकारणातही याच दोन तऱ्हा. कागलचे आमदार हसन मुश्रीफ विरोधात होते तेव्हा, 11 जानेवारी 2023 ला, ईडीनं थेट कागलच्या घरात छाप्याची नळी सारली. फेब्रुवारीत जिल्हा बँकेची पाळी. मामला साखर कारखान्यातल्या पैशांचा. मुश्रीफांनी आरोप फेटाळले, हायकोर्टानं अटकेपासून संरक्षण दिलं. खरंखोटं कोर्ट बघेल; आम्हाला कुतूहल फक्त उपचारपद्धतीचं. विरोधी बाकावरच्याला नळी, सत्तेच्या बाकावर सरकला की गारवा, हे निदान कुठल्या डॉक्टरचं?

2 जुलै 2023 ला मुश्रीफांनी अजितदादांबरोबर मंत्रिपदाची शपथ घेतली. दोन आठवड्यांच्या आत खातंही मिळालं : वैद्यकीय शिक्षण. आपलं सीपीआर रुग्णालय त्याच खात्याखाली येतं.