साक्याची साक्ष

गिऱ्हाइकाशी दुकानदाराने गोड बोलावे हा दंडक आमच्या पुण्यात कधीच रूढ नव्हता. उलट दुपारी एक ते चार या वेळात जो ओळखही देत नाही, त्याच्या तराजूत खोट असणे शक्य नाही, अशी आमची पिढीजात श्रद्धा. तेव्हा समाजमाध्यमांवर अवतरलेला व्यापार एकाएकी लाघवी बोलू लागला, त्या दिवशी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आमच्या मिक्सरने तिसऱ्याच महिन्यात देह ठेवला. कंपनीच्या फेसबुकवरील पानावर मी रीतसर कैफियत गुदरली आणि चौथ्या मिनिटाला जबाब आला: 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' मी सद्गदित झालो. पुढे तीन दिवस ते तेवढेच समजत राहिले. अखेर 'तुमच्या सहानुभूतीत चटणी वाटता येत नाही,' असे मी उद्वेगाने लिहिले, त्यावर अमूल्य अभिप्रायाबद्दल आभार आणि जोडलेल्या हातांची दोन चित्रे आली.

विश्वासाचे दाखले तरी किती प्रकारचे निघावेत! ट्विटरवरची जी निळी खूण पूर्वी ओळखीची शहानिशा झाल्यावर मिळे, ती 2022 पासून मासिक वर्गणीत मिळू लागली. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढले, आणि ते पाळणे मात्र ऐच्छिक ठेवले, यात सरकारची व्यवहारदृष्टी दिसते.

या पार्श्वभूमीवर देवगडचे एक बागायतदार माझ्या व्हॉट्सॲपवर प्रविष्ट झाले. चोवीस तासांत विरून जाणाऱ्या त्यांच्या स्टेटसवर एप्रिलभर एकच मजकूर: 'फळ कोवळे आहे. घाई करू नये. पेटी मिळणार नाही.' विक्रेत्याने मालच नाकारावा, हा अस्सल पुणेरी बाणा कोकणात पाहून माझा ऊर भरून आला आणि मेमध्ये मी पेटी मागवली.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले खरे. परंतु साका ही व्याधी मानांकनाला जुमानत नाही. बाहेरून फळ केशरी, देठाशी गंध दरवळणारा, आणि सुरी घालावी तो कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर! बागायतदारालाही तो कापण्यापूर्वी दिसत नाही. आमच्या पेटीत असे दोन निघाले. एक बशीत ठेवून मी छायाचित्र धाडले.

'साकाच तो,' उत्तर आले. 'पुढल्या पेटीत चार जादा घालतो. काका, हा फोटो स्टेटसला ठेवू काय?'

आणि त्यांनी तो खरोखरच ठेवला! खाली लिहिले, 'आमच्याच बागेतला. कुणाकडे असा निघाला तर कळवा, बदलून देऊ.' स्वतःच्या मालाची अशी जाहीर बदनामी पाहून आमच्या सोसायटीतल्या पाच घरांनी संध्याकाळपर्यंत पेट्या नोंदवल्या.

सहावा निरोप मात्र शेजारच्या काकूंचा, थेट मला: 'आंबा कसाही असो, ती निळ्या काठाची बशी आमची आहे. दिवाळीत फराळ भरून पाठवली होती.'

चौथ्या मिनिटाला मी उत्तर दिले: 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.'