अजून अठरा होल

पुसदला गोल्फचं मैदान नाही, पण गोल्फचे एक जाणकार आहेत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. जिनिंगमध्ये मुनिमकी करता करता म्हातारे झाले. गोल्फची काठी आजवर हातात धरलेली नाही. पुण्याला लेकीकडे गेले असताना येरवड्याच्या गोल्फ कोर्सच्या कुंपणाशी तासभर उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "एवढं हिरवं रान, अन् त्यात एक ढोर नाही!" तेव्हापासून नाद लागला.

टायगर वुड्सचं मामांना कौतुक नाही. "त्याचं पीक घरी आलं. आता जागलीले कोन जाते?" मामांची जागल वेगळ्याच धुऱ्यावर. आपल्या देशात २००६ पासून पीजीटीआय ही व्यावसायिक गोल्फपटूंची टूर आहे. सध्या तिचा अध्यक्ष कपिल देव. मामा बघतात ते तिच्याही खालच्या पायरीवर. पूर्वी फीडर टूर होती, आता नेक्सजेन आहे. तीन दिवस, ५४ होल, दोन दिवसांनी कट. कट हुकला की बक्षिसाचा पैसा नाही, लॉजचं भाडं मात्र अंगावर. वर्षअखेर यादीत वर राहिलेल्या मोजक्या पोरांना मोठ्या टूरचं कार्ड मिळतं.

हे सगळं मामा चहाच्या टपरीवर शिकवतात. बशी पालथी घालायची, शेजारी सुपारी ठेवायची. "भोक या बशीहून लहान, सव्वाचार इंच. चेंडू लिंबाएवढा. अन् मारायचा कुठून? पार त्या बसस्टँडावरून!" टपरीवाला बशी परत मागतो तेव्हा शिकवणी संपते.

आपण निकालाची यादी वरून वाचतो. मामा खालून वाचतात. मोबाइलची काच तडकलेली, चष्मा कपाळावर, अंगठा तळापासून वर सरकतोय. कटाच्या रेषेशी आले की थांबतात. एखादं नाव धरून म्हणतात, "हे पोरगं येते वर. लिहून ठेव." लिहून ठेवणारा बहुधा मीच. एकदा सकाळी साडेसहाला फोन आला : "शेवटी बोगी गेली ना गा!" बायको दचकून उठली. रेल्वेची वाट पाहता पाहता ज्या गावाचे केस पांढरे झाले, तिथं बोगी गेली म्हणजे होलला ठरल्यापेक्षा एक फटका जास्त लागला, हे तिला समजावण्यात माझा चहा निवला.

मामांचे देव दोन. पहिले मध्य प्रदेशातल्या महूचे मुकेश कुमार. देशातल्या स्पर्धा ढिगानं जिंकल्या, पण आशियाई टूरवरची पहिली जीत २०१६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी. दुसरा पुण्याचा उदयन माने. टोकियो ऑलिम्पिकला अर्जेंटिनाच्या खेळाडूनं माघार घेतली आणि राखीव यादीतला हा पठ्ठ्या आत गेला. "वेटिंग लिस्टवरून ऑलिम्पिकले गेला बाप्पा! आपल्याले वेटिंगवर नागपूरची गाडी भेटत नाही."

लग्नात वरात तीन तास उशिरा येवो, मृगात पाऊस दडी मारो, मामांचं एकच : "अजून अठरा होल आहेत." दवाखान्यात एका व्याह्यांना त्यांनी हेच सांगितलं. व्याही बरे झाले, पण अजून बोलत नाहीत.

मागच्या वर्षी माझा पुतण्या भरतीत दोन मार्कांनी राहिला. घरात चूल पेटली नाही. मामा आले, चपला न काढता दारातूनच म्हणाले, "दोन शॉटनं कट हुकला. चल, चहा पिऊ." आमच्याकडच्या अभ्यासिकांमधून रात्र रात्र बसणाऱ्या पोरांना गोल्फ कळत नाही, पण कट कळतो. मामांचा नियम ठरलेला : हुकलेल्याचा चहा त्यांच्याकडं, लागलेल्यानं आपला आपण प्यावा.

यंदा पुतण्या लागला. पेढे घेऊन आधी मामांकडे पळाला. मामांनी पेढा तोंडात टाकला, "बरं झालं" म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "अन् तुझ्या बाजूले बसे, ते पोरगं? त्याचं कितीनं गेलं?"