आधी पक्षकार, मग वकील

वकील होण्याची पहिली पायरी कोणती, या प्रश्नाला पूर्वी ‘पदवी’ असं उत्तर होतं. हल्ली ‘याचिका’ असं लिहिलं तरी पूर्ण गुण द्यायला हवेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी क्लॅट नावाची जी सामाईक परीक्षा होते, तिचा जन्मच सर्वोच्च न्यायालयातल्या एका जनहित याचिकेतून झालेला आहे. त्याआधी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी आणि शुल्क वेगळं. २००६ मध्ये ती याचिका दाखल झाली आणि २००८ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून पहिली क्लॅट घेतली. जिची नाळच कोर्टाच्या आवारात पुरलेली, तिचे पाय दुसरीकडे कशाला वळतील?

वळलेही नाहीत. २०१८ मध्ये ऐन परीक्षेत संगणक रुसले. पोरं कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयानं फेरपरीक्षा नाकारली, पण ज्याची जितकी मिनिटं वाया गेली त्याला त्या हिशेबानं भरपाईचे गुण द्यायला लावले. वाया गेलेल्या वेळेची भरपाई करण्याचं सूत्र आपल्या न्यायव्यवस्थेकडे आहे, ही बातमी वाचून जमिनीच्या दाव्यात हयात घालवलेल्या कोकणातल्या मंडळींच्या आशा पालवल्या असतील. दुर्दैवानं ते सूत्र फक्त परीक्षार्थींना लागू होतं, पक्षकारांना नाही.

मग आलं २०२०. करोनामुळे क्लॅट पुढे पुढे जाऊ लागली, तेव्हा बंगळुरूच्या विद्यापीठाचा धीर सुटला. सगळ्या विधी विद्यापीठांत थोरलं असलेल्या या विद्यापीठानं १२ सप्टेंबरला स्वतःची वेगळी परीक्षा, तीही घरबसल्या, उरकून घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ सप्टेंबरला ती परीक्षा रद्द झाली. विद्यापीठांच्या ज्या संघात तुम्ही सामील आहात त्याचे नियम तुम्हालाही लागू आहेत, असं कायदा शिकवणाऱ्यांना कोर्टानं समजावून सांगितलं. फी न घेता शिकवलेला हा तास त्या संस्थेच्या इतिहासात बहुधा एकमेव असावा.

पण कळस गाठला तो २०२५ च्या प्रवेशांनी. परीक्षा झाली १ डिसेंबर २०२४ ला. एकशेवीस प्रश्न, एकशेवीस मिनिटं. उत्तरतालिका आली आणि ती पाहून एका अल्पवयीन उमेदवारानं दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. एकल न्यायमूर्तींनी दोन उत्तरं चुकीची ठरवली. तोवर निरनिराळ्या उच्च न्यायालयांत याचिकांचा पाऊस सुरू झाला होता. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्या सगळ्या गोळा करून दिल्लीला पाठवल्या, एप्रिलमध्ये खंडपीठाचा निकाल आला आणि ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यातही दुरुस्ती करून प्रकरण एकदाचं मिटवलं. प्रश्न किती निष्काळजीपणे काढले जातात याबद्दल जाता जाता खेदही व्यक्त केला. म्हणजे पहा, ज्या प्रश्नाला सतरा वर्षांच्या पोरानं एका मिनिटात उत्तर द्यावं अशी अपेक्षा होती, त्याचं बरोबर उत्तर ठरवायला न्यायमूर्तींच्या तीन पायऱ्या आणि पाच महिने लागले. पोराचं उत्तर चुकलं तर पाव गुण कापतात. प्रश्न काढणाऱ्याचं चुकलं तर काय कापतात, हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

हे सगळं आम्हाला इतकं तोंडपाठ असण्याचं कारण आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांची कन्या अकरावीपासून क्लॅटला बसली आहे. परीक्षा बारावीत असते, पण ‘बसली’ अकरावीपासून. त्यामुळे घरातला टीव्हीही तेव्हापासूनच बंद. सेक्रेटरीसाहेबांचा स्वतःचा कायद्याशी संबंध एवढाच की चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या बाथरूममधली गळती ते गेली कित्येक वर्षं ‘पुढील सभेत ठेवू’ असा शेरा मारून जिवंत ठेवून आहेत.

एके काळी मध्यमवर्गीय घरात कायदा हा विषय शेवटून पहिला असे. डॉक्टर झाला नाही, इंजिनिअर झाला नाही, बँकेची परीक्षा दोनदा हुकली, मग ‘निदान एलएलबी तरी कर’. सकाळी कॉलेज, दुपारी नोकरी आणि लग्नपत्रिकेत नावापुढे दोन अक्षरं जास्त. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून उभं आहे, पुण्याचं आयएलएस १९२४ पासून. पण प्रवेशासाठी दोन वर्षं आधीपासून क्लास लावायचा, ही कल्पना तिथून सनद घेऊन गेलेल्या पिढ्यांच्या स्वप्नातही आली नसती. आता चित्र पालटलं आहे. आता मुलगी आपणहून ‘मला कॉर्पोरेट लॉ करायचंय’ म्हणते आणि आईबाप त्याचा अर्थ पगाराच्या आकड्यात लावतात. एकुणात ते बरोबरच लावतात.

क्लासच्या नावानं नाक मुरडायचं मात्र आम्हा मराठी माणसांना कारण नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सुटल्यावर चरितार्थासाठी पुण्यात वकिलीच्या परीक्षांचा क्लास चालवला होता तो खुद्द लोकमान्य टिळकांनी. एलएलबी असून वकिली अशी कधी केली नाही. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात मात्र आरोपीच्या पिंजऱ्यातून आपली बाजू स्वतःच मांडली. तेव्हा क्लासचालकच पक्षकार झाला होता. आताचे क्लासचालक तेवढी जोखीम घेत नाहीत. त्यांची जोखीम जाहिरातीपुरती: देशात पहिला आलेला एकच मुलगा, पण तो चार क्लासच्या फलकांवर चार वेगवेगळ्या शर्टांत हसत असतो. शेवटी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली की बाबांनो, निकालानंतर त्या मुलाची लेखी संमती घ्या आणि मगच त्याचा फोटो लावा, शिवाय त्यानं तुमच्याकडे नेमका कोणता कोर्स केला तेही सांगा. मुलाखतीच्या एका तासाला आलेला मुलगाही पूर्वी ‘आमचा विद्यार्थी’ असे. कायदा शिकायला जाण्याच्या वाटेवरच कायदा करावा लागला, हे आमच्या वरच्या मुद्द्याला पूरकच झालं.

या क्लासमध्ये शिकवतात काय? तर वाचायला. हा विनोद नाही. साडेचारशे शब्दांचा उतारा, त्याखाली चारपाच प्रश्न, पुन्हा उतारा. कायदेविषयक तर्क नावाचा एक भाग असतो आणि त्याची पहिली अट अशी की कायदा आधीपासून माहीत असण्याची गरज नाही. उताऱ्यात दिलंय तेवढंच खरं मानायचं. एकदा सेक्रेटरीसाहेबांनी मोठ्या कौतुकानं आम्हाला कन्येची सराव परीक्षा बघायला बोलावलं. त्यातल्या एका प्रश्नाचं आमच्या सोयीनं केलेलं देशीकरण असं:

तत्त्व: दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय पाऊल टाकणं म्हणजे अतिक्रमण; हेतू चांगला की वाईट हे पाहिलं जाणार नाही. घटना: अवकाळी पावसाची सर येते. शेजारीण बाजारात गेलेली आहे. काकू कठडा ओलांडून तिच्या गच्चीत जातात आणि वाळत घातलेले तिचे पोह्याचे पापड आत आणून ठेवतात. शेजारणीनं दावा लावला तर?

आम्ही म्हटलं, दावा कसला, हळदीकुंकवाला बोलावेल. सेक्रेटरीवहिनी म्हणाल्या, निम्मे पापड काकूंना देईल. दोघांचेही पाव गुण गेले. बरोबर उत्तर: काकू दोषी. कन्येनं मध्येच शंका काढली की तातडीची गरज म्हणून आत गेलं तर कायद्यात बचाव असतो, तिनं कुठंतरी वाचलंय. त्यावर ऑनलाइन सर शांतपणे म्हणाले, “उताऱ्यात आहे का? नाही ना? मग नाही.” आजवर ऐकलेल्या कायदेविषयक व्याख्यानांत इतकं संक्षिप्त आणि इतकं व्यवहाराला धरून दुसरं नाही. पुढे कोर्टात ‘रेकॉर्डवर आहे का’ असं विचारतात, त्याचीच ही बालवाडी.

उतारे अर्थात इंग्रजीत. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. प्रादेशिक भाषांतही घ्या म्हणून २०२३ मध्ये याचिका झाली (आम्ही म्हटलं नव्हतं?), बार कौन्सिलनं होकार भरला आणि विद्यापीठांच्या संघानं अडचणी सांगितल्या. आमच्या राज्यात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, १९९८ ची तशी अधिसूचनाच आहे. साक्षीदार मराठीत सांगणार, फौजदार मराठीत पंचनामा लिहिणार, फक्त वकील इंग्रजी उताऱ्यातून निवडून आलेला. पण ही चिंता व्यर्थ, कारण इंग्रजी उताऱ्यातून निवडून आलेला वकील तालुक्याला येणारच नाही. तो मुंबईत काचेच्या इमारतीत बसून एका कंपनीनं दुसरी कंपनी गिळण्याचा करार तपासत असेल. सेक्रेटरींच्या घरी आता सकाळी इंग्रजी पेपर आधी येतो, त्याचे अग्रलेख रंगीत पेनांनी अधोरेखित होतात. मराठी पेपर, म्हणजे तुमच्या हातात आहे तो, आजोबांच्या खोलीत जातो.

क्लॅटच्या जोडीला राज्याची सीईटी असते. ती मराठीतही देता येते आणि तिथं उणे गुण नाहीत. त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या प्रश्नांवर सढळ हातानं टिचक्या मारता येतात आणि निकालानंतर त्यालाच आत्मविश्वास म्हणतात. दिल्लीच्या विधी विद्यापीठाची परीक्षा आणखी वेगळी, खासगी विद्यापीठांच्या त्याहून वेगळ्या, आणि प्रत्येकीचं शुल्क वेगळं. एकट्या क्लॅटचा अर्जच खुल्या गटाला चार हजारांना पडतो. २००६ चा तो याचिकाकर्ता आता चाळिशीच्या आसपास असेल. हे बघून त्याला काय वाटत असेल कोण जाणे.

खरा कायदा मात्र कागदपत्रांच्या टप्प्यावर शिकायला मिळतो, आणि तो मुलांना नाही, बापांना. डोमिसाईल पाहिजे. ते मिळवायला शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. दाखल्यावर नाव आहे एक, आधारवर दुसरं. एक इंग्रजी ‘ए’ कुणी उदार हातानं जास्तीचा टाकलेला. सेतू केंद्रातल्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, “अ‍ॅफिडेव्हिट लागेल.” सेक्रेटरीसाहेब कोर्टाच्या फाटकाबाहेर गेले. तिथं छत्रीखाली एक टेबल, टेबलावर एक लॅपटॉप आणि त्याला तारेनं बांधलेला प्रिंटर, बाजूला शाई वाळलेलं स्टॅम्पपॅड. मजकूर तयारच असतो. फक्त नावं बदलतात. आधीच्या पक्षकाराचं नाव एका ठिकाणी बदलायचं राहिलं, त्यामुळे सेक्रेटरीसाहेबांनी सत्यप्रतिज्ञेवर जाहीर केलं की त्यांच्या म्हशीचा विमा उतरवलेला आहे. नोटरींनी तेही साक्षांकित केलं. रजिस्टरवर अंगठा उमटवून साहेब घरी परतले तेव्हा त्यांची मुद्रा कायद्याच्या पदवीधराला शोभेल अशी होती.

समुपदेशनाचं पोर्टल हा शेवटचा अंक. समुपदेशन म्हटलं की कुणीतरी पाठीवरून हात फिरवील असं वाटतं. इथं हजारोंची रक्कम आधी भरायची आणि मग ‘फ्रीज’, ‘फ्लोट’ की ‘एक्झिट’ एवढंच सांगायचं. फ्रीज म्हणजे मिळालंय ते पक्कं. फ्लोट म्हणजे हातातलं धरून ठेवून वरच्याकडे डोळा. राज्याच्या राजकारणाची सवय असलेल्या आजोबांना ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही. एक्झिटचा पर्याय कुणी घेतं का, एवढंच त्यांनी विचारलं.

कन्येनं आधी फ्लोट केलं, मग फ्रीज केलं. कोणतं विद्यापीठ मिळालं ते आम्ही सांगणार नाही, कारण तिच्या फोटोचा हक्क अजून दोन क्लासमध्ये वादग्रस्त आहे. वर्ग सुरू व्हायला अवकाश होता आणि दोन वर्षं वाचायची सवय लागलेली. इंग्रजी उतारे संपले, तेव्हा तिनं वडिलांच्या कपाटातून सोसायटीचे उपविधी काढले. एका दुपारी चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे चहाही घेतला.

वार्षिक सभेच्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांनी अहवाल वाचायला चष्मा लावला तोच आजी उठल्या. हातात टाइप केलेला एकपानी हरकतअर्ज. सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, ही नऊ दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आहे, सबब सभा बेकायदेशीर; शिवाय गळतीचा विषय कार्यक्रमपत्रिकेत नाही. सेक्रेटरीसाहेबांनी कागद वाचला, टंक ओळखला आणि मागच्या रांगेत बसलेल्या कन्येकडे पाहून आवाज चढवला, “तुला या सभेत बोलायचा अधिकार काय?”

“मी कुठं बोलतेय, बाबा? माझ्या पक्षकार बोलताहेत.”

खजिनदार म्हणाले की मामुली गोष्ट आहे, समजुतीनं घ्या, सगळ्यांना तारीख माहीत होतीच. आजींनी मागं वळून पाहिलं. कन्येनं मान हलवली. “उपविधीत आहे का तसं?” आजींनी विचारलं. “नाही ना? मग नाही.”

सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा काढला, घड्याळाकडे पाहिलं आणि सभा तहकूब करून पुढची तारीख दिली.